लहान ओढ्याकाठची मोठी हवेली

स्पॅनिश भाषेत 'चिको' म्हणजे लहान. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस, सॅक्रॅमेंटो नदीच्या सपाट आणि सुपीक खोऱ्यात, पूर्वेकडील डोंगरांतून उतरून येणाऱ्या एका ओढ्याला मेक्सिकन अमलात 'आरोयो चिको', म्हणजे लहान ओढा, असे नाव पडले. ओढ्याचे नाव जहागिरीला लागले, जहागिरीचे शहराला आणि शहराचे पुढे विद्यापीठाला. नावाने लहान असलेल्या या मुलखात एकच इमारत अशी उभी राहिली की तिला लहान म्हणण्याचे धाडस कोणीही केले नसते. तीन मजली, सव्वीस खोल्यांची, पुढे चौकोनी मनोरा आणि अंगाला फिक्या गुलाबी रंगाचा गिलावा असलेली ती हवेली जॉन बिडवेल या गृहस्थाने १८६५ ते १८६८ या काळात बांधविली. त्या वेळी चिको गाव वसून जेमतेम पाच वर्षे झाली होती, आगगाडी अजून आली नव्हती, आणि भोवतालच्या मुलखातील बहुतेक घरे फळ्या ठोकून नाहीतर कच्च्या विटा रचून उभी केलेली होती.

अमेरिकेच्या पश्चिम भागात आद्य वसाहतकारांच्या पिढीतील जे लोक राजकारणात शिरले, त्यांच्यापैकी अनेकांनी अशी घरे बांधली. त्या घरांकडे निव्वळ श्रीमंतीचे प्रदर्शन म्हणून पाहणे मला पुरेसे वाटत नाही. जेथे कुळ, परंपरा किंवा पिढीजात वतन यांपैकी काहीच पाठीशी नाही, तेथे पुढाऱ्याला आपली प्रतिष्ठा मतदारांच्या आणि पाहुण्यांच्या डोळ्यांना दिसेल अशा रीतीने मांडावी लागते, आणि घर हा तिचा सर्वांत टिकाऊ जाहीरनामा असतो. बिडवेलची हवेली हा तसा जाहीरनामा होता. तो ज्याने लिहिला, त्याने पुढे जवळजवळ प्रत्येक मोठी निवडणूक गमावली. जाहीरनामा मात्र दीडशेहून अधिक वर्षे वाचला जात राहिला.

बिडवेलचा जन्म १८१९ साली न्यूयॉर्क राज्यात एका साध्या शेतकरी कुटुंबात झाला. पुढे ओहायोत तो एका शाळेचा मुख्याध्यापक झाला, आणि तेथून पश्चिमेकडे निघून मिझूरीत आला. तेथे त्याने मिळविलेली जमीन दुसऱ्याने बळकावली, तेव्हा या तरुणाने आणखी पश्चिमेकडे जाण्याचे ठरविले. १८४१ च्या मे महिन्यात मिझूरीहून जो तांडा निघाला, तो बैलगाड्यांसह खुश्कीच्या मार्गाने कॅलिफोर्नियात वसाहतीसाठी जाणारा पहिला तांडा मानला जातो. बिडवेल त्या वेळी एकवीस वर्षांचा होता. कॅलिफोर्निया पश्चिमेस आहे, यापलीकडे मार्गाची माहिती तांड्यातील कोणालाच नव्हती. अर्धे लोक वाटेत ओरेगनकडे वळले. उरलेल्या तीस-पस्तीस जणांनी वाळवंटात गाड्या सोडून दिल्या, ओझ्याची जनावरे मारून खाल्ली आणि सिएरा नेवाडाची रांग पायी ओलांडून ४ नोव्हेंबरला ते कॅलिफोर्नियातील एका अमेरिकन मळेवाल्याच्या दारी पोचले. त्यांच्यात नॅन्सी केल्सी नावाची एक तरुण विवाहिता आपले तान्हे मूल कडेवर घेऊन चालत होती. या प्रवासाचे श्रेय पुढाऱ्यांच्या नावे जमा होत असले, तरी मला त्यात सर्वांत कठीण वाट तिचीच वाटते.

कॅलिफोर्निया तेव्हा मेक्सिकोच्या ताब्यात होता. बिडवेलने सटर नावाच्या स्विस जहागीरदाराच्या किल्ल्यात हिशेबनिसाची आणि कारभाऱ्याची नोकरी धरली, स्पॅनिश शिकला, नकाशे काढू लागला, १८४४ साली त्याने मेक्सिकोचे नागरिकत्वही घेतले, कारण त्यावाचून जमिनीची सनद मिळत नसे. आधीच्या वर्षी, म्हणजे १८४३ मध्ये, चोरीस गेलेल्या घोड्यांचा माग काढीत तो चिकोच्या ओढ्यापर्यंत आला होता, आणि ओकच्या झाडांनी भरलेले ते खोरे त्याच्या मनात घर करून राहिले होते. १८४८ साली सटरच्या लाकूड-गिरणीपाशी सोने सापडले. त्याच वर्षी बिडवेलला फेदर नदीच्या काठी सोन्याचे साठे मिळाले, आणि त्या पैशातून त्याने १८४९ ते १८५१ या काळात 'रांचो देल आरोयो चिको' ही बावीस हजार एकरांहून मोठी जहागीर टप्प्याटप्प्याने खरेदी केली. मेक्सिकन सनदा अमेरिकन अमलात ग्राह्य धरल्या जाण्यासाठी एका आयोगापुढे शाबीत कराव्या लागत, आणि त्या दिरंगाईत अनेक जहागीरदार कर्जबाजारी होऊन गेले. बिडवेलला मात्र कागदपत्रांची भाषा आणि नकाशांचे मर्म दोन्ही अवगत होते. १८६० साली त्याच्या नावे पक्का दस्तऐवज झाला, आणि त्याच वर्षी त्याने ओढ्याच्या पलीकडे चिको गावाची आखणी केली.

हवेलीच्या आधी तो ज्या घरात राहत असे, ते मातीच्या कच्च्या विटांचे दुमजली घर होते. मालकाचे बिऱ्हाड, मळ्याची कचेरी आणि वाटसरूंची उतारशाळा अशी तिन्ही कामे त्यातच चालत. त्याच काळात राजकारणात त्याचे नाव वाढत होते. १८४९ साली तो कॅलिफोर्नियाच्या पहिल्या सिनेटात निवडून आला. १८६० साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या चार्ल्स्टन येथील अधिवेशनास तो प्रतिनिधी म्हणून गेला. पण फुटून निघू पाहणाऱ्या दक्षिणी राज्यांची बाजू त्याला पटली नाही. यादवी युद्धात तो संघराज्याच्या बाजूने उभा राहिला, राज्याच्या मिलिशियात ब्रिगेडियर जनरल झाला आणि १८६४ साली लिंकनला पुन्हा उमेदवारी देणाऱ्या बाल्टिमोरच्या अधिवेशनात बसला. त्याच साली काँग्रेसवर निवडून येऊन १८६५ ते १८६७ तो वॉशिंग्टनमध्ये होता, आणि तेथे कृषी समितीचे अध्यक्षपद त्याच्याकडे होते. 'जनरल' हे बिरुद मात्र जन्मभर त्याच्या नावाला चिकटले, आणि 'जनरल' म्हटल्यावर कच्च्या विटांचे घर शोभेना.

वास्तुशिल्पी म्हणून त्याने हेन्री विल्यम क्लीव्हलँड याची निवड केली. सॅन फ्रान्सिस्कोत व्यवसाय करणारा हा मनुष्य नुसता आराखडे काढणारा नव्हता. १८५६ साली दोन सहकाऱ्यांबरोबर त्याने खेडेगावातील व शेतावरील घरांविषयी नमुन्यांचे एक पुस्तक प्रसिद्ध केले होते. नमुन्यांची पुस्तके हा त्या काळच्या अमेरिकन वास्तुकलेचा कणा होता. कारागिराने पुस्तक उघडावे, मालकाने बोट ठेवावे आणि गावच्या सुताराने ते आपल्या आवाक्यानुसार उभे करावे, अशा रीतीने युरोपातील शैली हजारो मैलांवरच्या वस्त्यांत जाऊन पोचत. अँड्र्यू जॅक्सन डाउनिंगच्या १८५० सालच्या ग्रामीण घरांवरील ग्रंथाने इटालियन पद्धतीच्या बंगल्यांची गोडी तेथील सुशिक्षितांना लावली होती, आणि चिकोच्या हवेलीचे घराणे तेच आहे.

या शैलीला 'इटालियन व्हिला' म्हणत असले, तरी ती इटलीतून सरळ आलेली नव्हे. ती इंग्लंडमार्गे आली. उत्तर इटलीतील शेतावरच्या वाड्यांची चित्रे इंग्रज प्रवाशांनी व चित्रकारांनी मायदेशी नेली. जॉन नॅश या वास्तुशिल्पीने १८०२ च्या सुमारास श्रॉपशायरमध्ये त्या धर्तीचे एक घर बांधले. आणि पुढे राणी व्हिक्टोरियाने आइल ऑफ वाइट बेटावर ऑस्बोर्न हाउस त्याच पद्धतीने बांधविल्यावर त्या शैलीला राजमान्यता मिळाली. तिची लक्षणे ओळखण्यास सोपी आहेत. छप्पर उतरते पण जवळजवळ सपाट. वळचण पुष्कळ पुढे आलेली आणि खाली कोरीव लाकडी आधारांनी तोललेली. खिडक्यांच्या माथ्यावर अर्धगोल कमानी. दर्शनी भागात देवळाच्या घंटाघराची आठवण करून देणारा चौकोनी मनोरा. आणि मुख्य म्हणजे डावे-उजवे सारखे असलेच पाहिजे हा अभिजात वास्तुकलेचा नियम बाजूला ठेवून केलेली मोकळी मांडणी. ग्रीक देवळाच्या घाटाच्या घरांत अमेरिकन लोकांना लोकशाहीची शिस्त दिसे. इटालियन घरांत त्यांना सुखवस्तूपणाचा सैलपणा सापडला.

या सैलपणाला सॅक्रॅमेंटो खोऱ्यात एक व्यावहारिक बाजूही होती. तेथे उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर चढतो आणि महिनोन् महिने पाऊस पडत नाही. अशा हवेत उंच छताच्या खोल्या, जाड विटांच्या भिंती, पुढे आलेली वळचण आणि भिंतींना सावली देणाऱ्या रुंद ओसऱ्या ही केवळ शोभा नव्हे. मनोऱ्यासारख्या उंच पोकळीतून तापलेली हवा वर चढून निघून जाते आणि खालच्या मजल्यांवर वारा खेळता राहतो, हे त्या काळचे गृहरचनाकार जाणून होते. ओसरीला इंग्रजीत 'व्हरांडा' म्हणतात. हा शब्द इंग्रजांनी हिंदुस्थानातूनच नेला. ज्या वास्तूला इटलीचे नाव, इंग्लंडचा दाखला आणि अमेरिकेचा पैसा लाभला, तिच्या सर्वांत सुखद भागाचे नाव आपल्या बाजूचे निघावे, याची गंमत वाटल्यावाचून राहत नाही.

आपला वाडा आतल्या चौकाकडे पाहतो. रस्त्याच्या बाजूस त्याची भिंत असते, उजेड आणि वारा घराच्या पोटातून येतो आणि बायकामाणसांचे जग तेथेच फिरते. व्हिलाची दृष्टी याच्या उलट आहे. तिला चौक नसतो. ती भोवतालच्या जमिनीकडे पाहते आणि जमिनीकडून पाहिली जाते. बिडवेलच्या हवेलीचे तोंड एस्प्लनेड या दुतर्फा झाडी असलेल्या प्रशस्त हमरस्त्याकडे होते, आणि मनोऱ्यातून पाहणाऱ्याला फळबागा, गव्हाची शेते, पिठाची गिरणी आणि पलीकडे मालकानेच आखून दिलेले गाव दिसत असे. तळमजल्यावर बैठकीची दालने, भोजनगृह, ग्रंथालय आणि जनरलची कचेरी. वरच्या मजल्यावर शयनगृहे. आणि तिसऱ्या मजल्यावर नृत्यासाठी म्हणून योजलेले एक ऐसपैस दालन. नळाचे पाणी आणि गॅसचे दिवे या सोयी घर उभे राहिले तेव्हापासूनच होत्या. खर्च साठ हजार डॉलरच्या आसपास आला. त्या काळच्या मजुराने जन्मभर राबूनही ही रक्कम एकत्र पाहिली नसती.

घराच्या या मांडणीत एक विसंगती शिरली, आणि तिचे कारण प्रेमप्रकरण हे होते. हवेलीचे काम सुरू झाले तेव्हा बिडवेल पंचेचाळिशी ओलांडलेला अविवाहित पुरुष होता. वॉशिंग्टनमध्ये त्याची ओळख ॲनी एलिकॉट केनेडी हिच्याशी झाली. तिचे वडील जोसेफ केनेडी हे १८५० व १८६० च्या राष्ट्रीय जनगणनेचे अधीक्षक होते. मुलगी वीस वर्षांनी लहान, श्रद्धाळू प्रेस्बिटेरियन, मद्यपानाची कट्टर विरोधक आणि स्त्रियांच्या मताधिकाराची पुरस्कर्ती होती. तिने प्रथम नकार दिला; मग चिको आणि वॉशिंग्टन यांच्यामध्ये पत्रे धावू लागली. त्या पत्रव्यवहाराच्या अखेरीस बिडवेलने चर्चचे सदस्यत्व घेतले, आणि जहागिरीवरील मद्याच्या द्राक्षांचे वेल उपटून काढले. १६ एप्रिल १८६८ रोजी वॉशिंग्टनमध्ये लग्न झाले. पाहुण्यांत राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन आणि जनरल ग्रँट हे होते. वधू चिकोला आली तेव्हा घर जवळजवळ पुरे झाले होते, आणि वरच्या मजल्यावरील नृत्याचे दालन तिची वाट पाहत होते. त्या दालनात नाच फारसा झालाच नाही असे सांगतात. नियोजित गृहस्वामिनी कशी असेल हे आराखडा काढताना कोणाला ठाऊक नसते, तेव्हा घर हे असे अर्धे चुकणारच.

मद्य नाही, नाच नाही. तरीही पाहुण्यांची रीघ कमी झाली नाही. १८७० साली लोहमार्ग चिकोपर्यंत आला, आणि ओरेगनच्या दिशेने जाणाऱ्या मान्यवरांना हवेली ही सोयीची मुक्कामाची जागा झाली. १८८० साली राष्ट्राध्यक्ष रदरफर्ड हेज पश्चिम किनाऱ्यावर आले. पदावर असताना तेथवर पोचलेले ते पहिलेच राष्ट्राध्यक्ष, आणि त्यांच्याबरोबर जनरल शर्मन होते. सोने सापडण्याच्या दिवसांत शर्मन हा कॅलिफोर्नियातील एक साधा लेफ्टनंट होता. तीस वर्षांनंतर तोही जनरल आणि यजमानही जनरल, अशी ती भेट झाली. मताधिकाराच्या चळवळीतील सुसान अँथनी आणि मद्यपानविरोधी चळवळीतील फ्रान्सिस विलार्ड यांनीही या घरी पाहुणचार घेतला.

मला त्या सर्वांत १८७७ सालची भेट अधिक मोलाची वाटते. निसर्गलेखक जॉन म्यूर, हार्वर्डचा वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे आणि लंडनजवळील क्यू येथील उद्यानाचे संचालक सर जोसेफ हूकर हे तिघे बिडवेल दांपत्याकडे आले. हूकर हे नाव आपल्याकडील वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकाला परके नाही. हिमालयात, सिक्कीम आणि खासी टेकड्यांत फिरून ज्याने वनस्पती गोळा केल्या, आणि हिंदुस्थानातील वनस्पतींची जी अनेक खंडांची सूची दीर्घकाळ प्रमाण मानली गेली तिचे संपादन ज्याने केले, तोच हा हूकर. चिकोच्या रानातील एक अवाढव्य ओकवृक्ष पाहून तो थक्क झाला. जगातील सर्वांत मोठा ओक हाच असावा, असे त्याचे मत पडले, आणि ॲनीने त्या झाडाला त्याचेच नाव दिले. पुढे शतकभर लोक त्या झाडाचे वय हजार वर्षांचे सांगत आले. १९७७ च्या मे महिन्याच्या पहिल्या दिवशी ते कोसळले, तेव्हा असे आढळले की ते एक झाड नसून एकमेकांत गुंतून वाढलेली दोन झाडे होती, आणि वय होते सव्वातीनशे वर्षांच्या आसपास.

हवेलीच्या पुढच्या बाजूविषयी एवढे सांगितल्यावर मागच्या बाजूविषयी गप्प बसणे अन्यायाचे होईल. ही जमीन मेक्सिकोच्या सरकारने सनद देण्यापूर्वी कोणाची तरी होती. मेचूपदा नावाच्या आदिवासी समाजाची वस्ती या खोऱ्यात होती, आणि बिडवेलच्या मळ्यावर नांगरणीपासून कापणीपर्यंत जे हात राबले ते प्रामुख्याने त्यांचे. सोन्याच्या वर्षांत कॅलिफोर्नियात आदिवासींची जी राजरोस कत्तल चालली होती, तिच्या तुलनेत बिडवेलचा आश्रय हा आश्रयच होता, हे नाकारता येत नाही. पण आश्रय देणारा आणि कामावर राबविणारा एकच असला की त्या आश्रयाची किंमत कोण ठरवणार, हाही प्रश्न उरतो. १८५० साली राज्याने आदिवासींच्या 'शासन व संरक्षणा'चा कायदा केला. संरक्षणाच्या नावाखाली त्याने सक्तीच्या मजुरीला आणि मुलांना करारावर बांधून घेण्याला मोकळी वाट दिली. बिडवेलने तयार केलेला मसुदा त्याहून सौम्य होता, परंतु मंजूर झाला तो दुसराच. १८६३ साली चिकोजवळच्या लष्करी छावणीतून, जिचे नावच 'कॅम्प बिडवेल' असे होते, ४६१ आदिवासींना डोंगर ओलांडून राउंड व्हॅलीकडे हाकलण्यात आले. तेथे पोचले ते २७७.

बिडवेलच्या मळ्यावरील वस्ती त्या प्रसंगी वाचली. परंतु लग्नानंतर लवकरच तिलाही जागा बदलावी लागली. मृतांसाठी मेचूपदा लोक जो शोक करीत, त्याचे स्वर हवेलीपर्यंत येत आणि नव्या गृहस्वामिनीला ते असह्य होत. म्हणून वस्ती सुमारे अर्धा मैल पश्चिमेस हलविण्यात आली. हे करणारी ॲनी दुष्ट होती असे म्हणणे चुकीचे ठरेल. तिने त्या वस्तीत शाळा चालविली, प्रार्थनामंदिर उभारले, अनेक वर्षे स्वतः शिकविले, आणि पुढे ती जमीन त्यांच्यासाठी राखून ठेवली. पण ज्या समाजावर तिने इतके प्रेम केले, त्याच्या रडण्याचा आवाज तिला आपल्या खिडकीत नको होता. चांगुलपणाची ही जातकुळी आपल्यालाही अपरिचित नाही.

चिनी मजुरांच्या बाबतीत बिडवेलचा कस अधिक स्पष्टपणे लागला. त्याच्या बागांत चिनी कामकरी होते. गावातील गोऱ्या मजुरांना त्यांचा राग होता. १८७७ साली चिकोजवळ चिनी मजुरांवर हल्ला होऊन त्यांच्यातील काहींची हत्या झाली, आणि पुढील दशकात त्यांना कामावर ठेवणाऱ्यांवर बहिष्कार पुकारला गेला. बिडवेलने दबावाला न जुमानता त्यांना कामावर ठेवले. त्यात तत्त्व किती आणि सोय किती हे तोलून सांगणे कठीण. मते मात्र त्यात निश्चित गेली असतील.

मते जाण्याची त्याला सवयच झाली होती. १८७५ साली गव्हर्नरपदासाठी तो अपक्षांच्या वतीने उभा राहून हरला. १८९० साली त्याच पदासाठी मद्यपानबंदीवादी पक्षातर्फे हरला. आणि १८९२ साली त्याच पक्षाने त्याला थेट राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार केले. त्याला सुमारे दोन लाख सत्तर हजार मते पडली. ही त्या पक्षाला राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत आजवर मिळालेली सर्वाधिक मते. तरीही क्रमांक चौथा. दरम्यान मळ्याची ख्याती वाढत होती. त्याच्या गव्हाला १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले. बदाम, ऑलिव्ह, मनुका, चेरी यांचे प्रयोग त्याने मन लावून केले. आणि १८८७ साली चेरीच्या बागेतील आठ एकर त्याने अध्यापक विद्यालयासाठी दान दिले. आजचे चिकोचे राज्य विद्यापीठ त्या आठ एकरांतून वाढले. डोंगरापलीकडच्या खाणींकडे काढलेला गाडीरस्ता आणि मळ्यावरील नवे नवे प्रयोग यांत पैसा ओतता ओतता उत्तरायुष्यात त्याच्यावर कर्जाचा बोजाही चढला. ४ एप्रिल १९०० रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, लाकडाचा ओंडका करवतीत असता हृदयविकाराने त्याला मृत्यू आला. सव्वीस खोल्यांचा मालक ओंडका कापताना मरावा, यात वसाहतकारांच्या पिढीचा स्वभाव जितका दिसतो तितका त्या हवेलीत दिसत नाही.

ॲनी त्याच्यामागे अठरा वर्षे जगली. १९०५ साली तिने ओढ्याकाठचे सुमारे एकोणीसशे एकर रान शहराला बक्षीस दिले, आणि त्या उद्यानात मद्य विकू वा पिऊ नये अशी अट दस्तऐवजात घातली. १९३८ सालच्या रॉबिन हूडच्या प्रसिद्ध चित्रपटातील इंग्लंडचे जंगल म्हणून जे दिसते, ते याच उद्यानातील ओकवृक्षांचे रान. हवेली तिने ख्रिस्ती शाळेसाठी चर्चला ठेवली; चर्चला ती झेपली नाही आणि ती अध्यापक विद्यालयाकडे गेली. पुढील काही दशके जनरलच्या शयनगृहांत विद्यार्थिनी राहिल्या, दिवाणखान्यांत वर्ग भरले. १९६४ साली राज्याने ती ऐतिहासिक उद्यान म्हणून ताब्यात घेतली, आणि १९७२ साली राष्ट्रीय वास्तूंच्या नोंदवहीत तिचे नाव गेले. मेचूपदा समाजाची मान्यता मात्र याच काळात, १९६७ साली, संघसरकारने काढून घेतली होती. ती त्यांना न्यायालयीन मार्गाने १९९२ साली परत मिळवावी लागली. घराला सरकारी संरक्षण मिळत होते, त्याच सुमारास घराच्या शेजाऱ्यांचे सरकारी अस्तित्व पुसले जात होते. कॅलिफोर्नियाच्या दप्तरांत या दोन नोंदी वेगवेगळ्या कपाटांत असतील, पण त्या एकाच जमिनीविषयीच्या आहेत.

११ डिसेंबर २०२४ च्या पहाटे हवेलीला आग लागली. इमारत तेव्हा दुरुस्तीसाठी बंद होती. विटांच्या भिंती जाड असल्या तरी त्यांच्या आत जे होते ते सारे लाकूड होते: जिने, तुळया, फळ्यांच्या जमिनी, छप्पर आणि शंभर वर्षांहून अधिक काळ वाळत आलेले नक्षीकाम. इटालियन व्हिलाचा उंच जिना आणि मनोऱ्याची पोकळी उन्हाळ्यात ज्या न्यायाने गरम हवा वर ओढून घेते, त्याच न्यायाने ती ज्वाळाही वर ओढते. सकाळ झाली तेव्हा छप्पर नव्हते आणि तिन्ही मजले तळाशी येऊन पडले होते. आग मुद्दाम लावलेली निघाली, आणि पुढे एका इसमाने न्यायालयात गुन्हा कबूल केला.

आता तेथे हवेली पुन्हा हुबेहूब बांधावी असे म्हणणारे आहेत, आणि ते स्वाभाविक आहे. माझे मत निराळे आहे. क्लीव्हलँडची रचना मुळातच नमुन्यांच्या पुस्तकांच्या परंपरेतील होती. तिची नक्कल केली तर ती नकलेची नक्कल होईल, आणि साठ हजार डॉलर, मेचूपदा मजूर, काँग्रेसमधला नवखा जनरल व त्याची दूरवरची प्रेमपत्रे यांपैकी काहीच तिच्यात परत येणार नाही. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला. जोते, तट आणि दिल्ली दरवाजा उरले, आणि आपण ते तसेच राखले. चिकोच्या उरल्यासुरल्या भिंतींना आधार देऊन त्या तशाच उभ्या ठेवाव्यात, अर्धा मैल हलविलेल्या त्या वस्तीची जागा दाखविणारा एक दगड तिच्या वंशजांना विचारून तेथे बसवावा, आणि मधल्या जागेत चेरीची झाडे लावावीत.